‘नवा कायदा आलाय, ईसीआर लागत नाही’ म्हणणाऱ्या एजंटला उरलेले पैसे द्यायचे का?

पत्र : आम्ही खेड तालुक्यातले. माझा धाकटा भाऊ २३ वर्षांचा, नववीपर्यंत शिकलेला. फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करतो. पासपोर्टवर ईसीआर आहे, म्हणजे काही देशांत कामासाठी जाण्याआधी सरकारी मंजुरी लागते असा ‘एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड’ शेरा. ओळखीतल्या एका एजंटने दुबईत वेल्डरचं काम आहे, महिन्याला १,६०० दिरहम मिळतील, असं सांगितलं. एकूण १ लाख २० हजार मागतोय. ४० हजार आम्ही त्याच्या मोबाइल नंबरवर पाठवले, पासपोर्टही त्याच्याकडेच आहे. आता म्हणतो व्हिजिट व्हिसावर पाठवतो, तिकडे गेल्यावर कंपनी व्हिसा लागेल. ईसीआरचं विचारलं तर म्हणाला, २०२५ मध्ये नवा इमिग्रेशन कायदा आला, जुना गेला, आता ते काही लागत नाही. आई उरलेल्या पैशांसाठी पाटल्या गहाण ठेवायला निघाली आहे. काका म्हणतात दुबई सोडा, कुवेत बघा. शिवाय एकाने सांगितलं की दहावीचं सर्टिफिकेट आणून ईसीआर काढून देतो. काय करावं?
– एक बहीण, जि. रत्नागिरी

उत्तर :

ताई, पाटल्या कपाटातच राहू द्या. उरलेल्या ८० हजारांतला एक रुपयाही सध्या द्यायचा नाही आणि तिकीट आलं तरी भावाला विमानात बसू द्यायचं नाही. दुबईला जाणं वाईट आहे असं आमचं म्हणणं नाही. कोकणातल्या कितीतरी घरांचे स्लॅब गल्फच्या पैशावर पडलेत. पण तुमच्या भावाला ज्या वाटेने नेलं जातंय, त्या वाटेवर काही बिनसलं तर त्याच्या पाठीशी एकही कागद उरणार नाही.

आधी त्या ‘नव्या कायद्या’कडे बघू. एजंटच्या बोलण्यात थोडं सत्य आहे, आणि तेच सांगून तो तुम्हाला गप्प करतोय. २०२५ मध्ये ‘इमिग्रेशन अँड फॉरिनर्स अ‍ॅक्ट’ हा नवा कायदा खरोखरच झाला आणि १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. त्याने चार जुने कायदे रद्द केले : पासपोर्टसंबंधीचा १९२० चा, परदेशी नागरिकांच्या नोंदणीचा १९३९ चा, परदेशी नागरिकांविषयीचा १९४६ चा, आणि विमान व जहाज कंपन्यांच्या जबाबदारीचा २००० चा. या चारांत ईसीआरचा कायदा कुठेच नाही. नवा कायदा मुख्यतः भारतात येणाऱ्या परदेशी माणसांसाठी आहे : त्यांचे व्हिसे, त्यांची नोंदणी, मुदत संपल्यावर राहिले तर शिक्षा.

तुमच्या भावाला लागू होतो तो १९८३ चा ‘इमिग्रेशन’ नव्हे तर ‘एमिग्रेशन’ अ‍ॅक्ट, म्हणजे कामासाठी देशाबाहेर जाणाऱ्यांचा कायदा. त्याच्या जागी नवा आणायचं घाटतंय हेही खरं. २०१९ आणि २०२१ मध्ये मसुदे निघाले होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने ‘ओव्हरसीज मोबिलिटी (फॅसिलिटेशन अँड वेल्फेअर) बिल’ नावाचा आणखी एक मसुदा लोकांच्या सूचनांसाठी खुला केला आणि ७ नोव्हेंबरपर्यंत हरकती मागवल्या. मसुदा निघाला म्हणून जुना कायदा गेला असं होत नाही. विधेयक संसदेत मांडून दोन्ही सभागृहांत मंजूर व्हावं लागतं, राष्ट्रपतींची सही व्हावी लागते, आणि ते कोणत्या तारखेपासून लागू होणार हे राजपत्रात छापून यावं लागतं. यापुढे कोणी ‘कायदा बदलला’ म्हणालं की त्याच्याकडे राजपत्रातली ती अधिसूचना मागा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारं कात्रण चालणार नाही.

आता ईसीआर. दहावी पास नसलेल्याच्या पासपोर्टवर सहसा हा शेरा असतो. त्याचा अर्थ एवढाच, की ठरलेल्या १८ देशांपैकी एखाद्या देशात नोकरीसाठी जायचं तर आधी प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स, म्हणजे पीओईच्या कार्यालयाची मंजुरी लागते. संयुक्त अरब अमिराती, सौदी, कतार, कुवेत, ओमान, बहरीन हे सगळे त्या यादीत आहेत. मलेशिया आणि थायलंडही आहेत. लोकांना हा शेरा म्हणजे कपाळावरचा डाग वाटतो. आमचं मत उलटं आहे. कमी शिकलेल्या कामगाराचा करार, पगार आणि कंपनी एखाद्या सरकारी माणसाने जाण्याआधी तपासावी, अशी सोय या एका शेऱ्यामुळेच होते. एजंटला ईसीआर नकोसा वाटतो तो याच कारणाने.

फिरायला किंवा नातेवाइकांकडे जाणाऱ्या ईसीआरवाल्याला मात्र ही मंजुरी लागत नाही. व्हिजिट व्हिसाची युक्ती याच फटीतून निघते. कागदावर भाऊ पर्यटक, मनात वेल्डर. विमानतळावर अधिकारी विचारतो : किती दिवस जाणार, कुठे राहणार, परतीचं तिकीट दाखवा, खर्चाला पैसे किती, कामाला काय करता? पाठ करून गेलेला मुलगा तिसऱ्या प्रश्नाला अडखळतो आणि ऑफलोड होतो, म्हणजे त्याला विमानात चढू देत नाहीत. तिकिटाचे पैसे बुडतात आणि एजंट म्हणतो, “तुमच्याच पोराला बोलता आलं नाही.” ‘एअरपोर्टला सेटिंग आहे’ असं तो म्हणाला असेल किंवा पुढे म्हणेल, तर ते तिथेच थांबण्याचं कारण समजा. मंजुरी न घेता नोकरीसाठी देश सोडणं हा १९८३ च्या कायद्याच्या कलम २४ खाली गुन्हा आहे. दंडाची रक्कम जुन्या काळातली, २ हजारांपर्यंतच आहे, पण कैद दोन वर्षांपर्यंत होऊ शकते. आणि हा गुन्हा जाणाऱ्यावरही लागतो, पाठवणाऱ्यापुरता नाही.

समजा, भाऊ निसटून पोचला. ‘तिकडे गेल्यावर कंपनी व्हिसा’ ही शुद्ध थाप आहे असं आम्ही म्हणणार नाही. अमिरातीत राहूनच व्हिजिटवरून कामाच्या परवान्यावर जाता येतं, बरेच जण तसे गेलेत. प्रश्न असा, की तो परवाना काढणारी कंपनी आज कुठे आहे? एजंटने तिचं नाव सांगितलंय का? खरी कंपनी असती, तर तिने इथेच ऑफर लेटर आणि कामाचा एंट्री परमिट पाठवला असता. तो भावाच्या पासपोर्टच्या झेरॉक्सवर निघतो. नाव नसलेल्या कंपनीच्या भरवशावर गेलेला मुलगा बेड स्पेसचं (खोलीतल्या एका खाटेचं) भाडं भरत दारोदार फिरतो. व्हिजिट ३० किंवा ६० दिवसांची असते. त्यानंतर दिवसाला ५० दिरहम दंड चढतो, म्हणजे ४० दिवस जास्त राहिला तर २,००० दिरहम. तुम्हाला सांगितलेल्या महिन्याच्या पगाराहून जास्त.

मधल्या काळात ‘चोरून चार पैसे कमवू’ म्हटलं, तर तेही आता पूर्वीसारखं सोपं नाही. २०२४ मध्ये अमिरातीने कामगार कायद्यात दुरुस्ती केली. परवान्याशिवाय माणूस कामावर ठेवणाऱ्या मालकाला १ लाख ते १० लाख दिरहम दंड होतो. एवढी जोखीम घेऊन धड कंपनी व्हिजिटवरच्या वेल्डरला उभं करत नाही. जो उभं करतो, तो पगार बुडवला तरी कामगार तक्रारीला जाणार नाही हे ओळखूनच करतो. ‘आझाद व्हिसा’ची गोष्टही हीच : एकाच्या नावावर व्हिसा, काम दुसऱ्याकडे, आणि पकडलं गेलं की दोघेही हात वर करतात.

आता १,६०० दिरहमच्या पगाराकडे येऊ, कारण त्यातही खोट दिसते. एजंटला एकच विचारा : यात बेसिक किती? बहुतेकदा उत्तर येतं, “बेसिक ८००, जेवणाचे ३००, बाकी ओव्हरटाइम धरून.” हिशेब मांडून बघा. ८०० बेसिकला ३० दिवस आणि रोजचे ८ तास यांनी भागलं, तर तासाला साधारण ३.३३ दिरहम पडतात. तिथल्या कायद्याने ओव्हरटाइमला त्यावर २५ टक्के जास्त, म्हणजे तासाला ४.१७. उरलेले ५०० दिरहम भरून काढायला महिन्याला १२० तास ओव्हरटाइम हवा. २६ दिवस काम धरलं तर रोजचे साडेचार तासांहून जास्त, तेही आठ तास वेल्डिंग करून झाल्यावर! कायद्यात एरवी ओव्हरटाइमची मर्यादा दिवसाला दोन तास आहे. दोन तासांप्रमाणे धरलं, तर ओव्हरटाइमचे सव्वादोनशेच्या आतच मिळतात आणि सगळं मिळून १,३१७ च्या आसपास हातात येतं. रात्री १० ते पहाटे ४ या वेळेतल्या जादा कामाला ५० टक्के जास्त मिळतात, पण ते काम मिळेलच असं कोणी लिहून देत नाही. शेवटी नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी, एक वर्ष पूर्ण झाल्यावर, पहिली पाच वर्षं वर्षाला २१ दिवसांचा पगार, हीसुद्धा बेसिकवरच मोजतात. म्हणून दोन ऑफरची तुलना करताना वरचा आकडा झाकून ठेवा आणि बेसिकची ओळ वाचा.

मग सरळ वाट कुठली? ती थोडी लांबची आहे, पण अवघड नाही. नोकरी द्यायची असलेली दुबईची कंपनी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंद करते आणि किती माणसं, कुठल्या कामाला, किती पगारावर हवीत याची मागणी टाकते. भारतातला नोंदणीकृत रिक्रूटिंग एजंट त्या मागणीवर माणसं निवडतो. भावाची ट्रेड टेस्ट होते, ऑफर लेटरवर सही होते, कामाचा एंट्री परमिट येतो. त्यानंतर प्रवासी भारतीय बीमा योजनेचा विमा काढायचा : दोन वर्षांना २७५ रुपये किंवा तीन वर्षांना ३७५. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाखांचं संरक्षण. एक दिवसाचं प्रस्थानपूर्व प्रशिक्षण असतं, ते फुकट आहे. त्याला ‘ट्रेनिंग फी’ म्हणून कोणी पैसे घेतले तर समजून जा. मग पोर्टलवरूनच मंजुरीचा अर्ज, फी २०० रुपये. मंजुरीचा कागद ऑनलाइन निघतो. त्याच्या दोन प्रती छापा, एक भावाच्या हातातल्या बॅगेत आणि एक घरी. आपल्या भागासाठीचं पीओई कार्यालय मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या विदेश भवनात आहे. एजंट ‘मी फाइल टाकली आहे’ म्हणाला, तर अर्ज क्रमांक घेऊन तुम्ही स्वतः खात्री करू शकता.

व्हिजिट व्हिसावर गेलेल्याकडे यातलं काहीही नसतं. विमा नाही, तपासलेला करार नाही, आणि तो कुठल्या कंपनीत आहे याची भारत सरकारकडे नोंदही नाही. मचाणावरून पडला तर वकिलातीला शोधाशोध शून्यापासून करावी लागते.

एजंट खरा की खोटा, हे तपासायला तासभर पुरतो. ई-मायग्रेटवर नोंदणीकृत एजंटांची यादी आहे, आणि मंत्रालयाकडे नोंद नसलेल्या एजंटांची वेगळी यादीही तिथेच दिली जाते. त्याच्याकडून परवाना क्रमांक मागा. तो ऑफिसात आणि जाहिरातीत, फेसबुकवरच्या जाहिरातीतसुद्धा, दाखवणं त्याला बंधनकारक आहे. क्रमांक यादीत टाकून चार गोष्टी जुळवा : एजन्सीचं नाव, पत्ता, मालकाचं नाव, आणि परवाना आज चालू आहे की निलंबित. गावपातळीवर नेहमी होणारी फसवणूक अशी : परवाना मुंबईच्या कुठल्यातरी एजन्सीचा असतो, त्याचा फोटो तुमच्या ओळखीच्या माणसाच्या मोबाइलमध्ये असतो आणि पैसे त्याच्या स्वतःच्या खात्यात जातात. त्या एजन्सीला याचा पत्ताही नसतो, किंवा असून ती कानावर हात ठेवते. म्हणून ई-मायग्रेटवर दिलेल्या एजन्सीच्या नंबरवर फोन करा (या माणसाने दिलेल्या नंबरवर नव्हे) आणि विचारा : या नावाचा उमेदवार तुमच्याकडे कुठल्या मागणीवर आहे?

पैशाचा नियम तर अगदी स्वच्छ आहे. नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३० हजार रुपये घेता येतात. १८ टक्के जीएसटी धरून ३५ हजार ४००. त्याची पावती द्यावी लागते. तुम्ही आत्ताच ४० हजार दिलेत, म्हणजे एजंट कायदेशीर निघाला तरी त्याने मर्यादा ओलांडलेलीच आहे. पुढचे ८० हजार कशाचे, असं विचारलं की ‘व्हिसाचे’, ‘तिकिटाचे’, ‘कंपनीला द्यावे लागतात’ अशी उत्तरं येतील. अमिरातीच्या २०२१ च्या कामगार कायद्याप्रमाणे, जो फेब्रुवारी २०२२ पासून लागू आहे, भरतीचा खर्च मालकाने करायचा आहे. तो कामगाराकडून थेट किंवा आडून वसूल करता येत नाही. त्याच कायद्याने कामगाराचे कागद मालकाला स्वतःकडे ठेवून घेता येत नाहीत.

यावरून पासपोर्ट आठवला. तो आधी परत घ्या. दुबईचा व्हिसा ऑनलाइन निघतो, त्याला पासपोर्टच्या पहिल्या-शेवटच्या पानाची स्वच्छ स्कॅन पुरते. मूळ पासपोर्ट एजंटकडे असण्याला एकच कारण उरतं : तुम्ही दुसरीकडे जाऊ नये. पासपोर्ट कायद्याप्रमाणे पासपोर्ट भारत सरकारची मालमत्ता आहे. तो अडवून ठेवायचा हक्क एजंटला नाही. भावाने व्हॉट्सअ‍ॅपवर तारीख घालून साधं वाक्य पाठवावं : ‘माझा पासपोर्ट अमुक तारखेला तुमच्याकडे दिला आहे, तो तीन दिवसांत परत द्यावा.’ भांडण नको, शिवीगाळ नको. तो मेसेजच पुढे पुरावा ठरतो. नाही दिला तर पोलीस ठाण्यात तक्रार करा. एक चूक मात्र टाळा : वैतागून ‘पासपोर्ट हरवला’ अशी खोटी तक्रार देऊन नवा काढू नका. खोटी माहिती दिल्याचा ठपका भावावरच येईल.

त्या दहावीच्या सर्टिफिकेटचंही तेच. बनावट मार्कशीट लावून ईसीआर काढला, तर पासपोर्ट कायद्याच्या कलम १२ खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय पासपोर्ट जप्त. मुलगा नववी झालेला आहे. त्याने १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी द्यावी, किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून. पास झाला की पासपोर्ट री-इश्यूला टाकून ईसीआर काढून घेता येतो. दहावी झाल्याचा फायदा गल्फपुरता राहत नाही, म्हणून हा खटाटोप करावाच असं आम्हाला वाटतं. पण ईसीआर गेला की मंजुरीची अट जाते आणि करार तपासणारा माणूसही जातो, हे विसरू नका. त्यानंतरही विमा आणि ई-मायग्रेटवरची नोंद स्वतःहून करता येते. ती करावी.

काकांच्या कुवेतबद्दल थोडक्यात. देश बदलला म्हणून वाट बदलत नाही. ईसीआर, ई-मायग्रेट, ३० हजारांची मर्यादा सगळीकडे तीच. प्रत्येक ठिकाणचे कामगारांचे नियम मात्र वेगळे आहेत आणि गेल्या काही वर्षांत ते बरेच हललेत. कुवेतने १ जुलै २०२५ पासून खासगी क्षेत्रातल्या परदेशी कामगारांना देशाबाहेर जाण्याआधी मालकाच्या संमतीचा एक्झिट परमिट सक्तीचा केला. म्हणजे आईच्या आजारपणाला तातडीने यायचं तर मालकाने आधी ऑनलाइन होकार द्यायला हवा. कतार उलट्या दिशेने गेला : २०२० मध्ये नोकरी बदलायला जुन्या मालकाच्या ना-हरकतीची अट काढली, आणि २०२१ पासून सगळ्यांना किमान वेतन १,००० रियाल, शिवाय मालक जेवण-राहणं देत नसेल तर ३०० आणि ५०० वेगळे. सौदीला जायचं तर वेल्डरला निघण्याआधी भारतातच कौशल्य चाचणी द्यावी लागते. तुमच्या भावाचा हात चांगला असेल तर त्याला ती अडचण वाटू नये.

गेलेल्या ४० हजारांचं काय? आज संध्याकाळी बसून सगळा पुरावा एका ठिकाणी गोळा करा : पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट व्यवहार क्रमांकासह, बँकेचं स्टेटमेंट, चॅट एक्स्पोर्ट करून, आणि व्हॉइस मेसेज तसेच्या तसे. डिलीट झाले तर परत मिळत नाहीत, म्हणून दुसऱ्या फोनवर कॉपी ठेवा. मग एजंटला लेखी विचारा : परवाना क्रमांक, कंपनीचं नाव, ई-मायग्रेटवरचा मागणी क्रमांक आणि पावती. खरा माणूस या चार गोष्टी दोन दिवसांत देतो. दिल्या, तर वर सांगितल्याप्रमाणे तपासा आणि व्हिजिट व्हिसा नाकारून सरळ वाटेने पुढे जा. दिल्या नाहीत, तर पैसे परत मागा. ‘मेडिकल झाल्यावर बघू’, ‘साहेब गावाला गेलेत’ असं सुरू झालं की तक्रार करा. मध्यस्थ नातेवाइकाच्या भिडेखातर महिना घालवू नका.

तक्रार तीन ठिकाणी जाते. पैसे ऑनलाइन गेलेत, म्हणून १९३० या सायबर हेल्पलाइनवर. खात्यातली रक्कम गोठवायची शक्यता सुरुवातीच्या तासांत जास्त असते, दिवस गेले की कमी होते, तरी नोंद करा. दुसरी ई-मायग्रेटवर आणि पीओईकडे. तिसरी पोलीस ठाण्यात : फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, आणि परवान्याशिवाय परदेशात भरती करण्यासाठी एमिग्रेशन कायद्याची कलमं १० आणि २४. तिथे कोणी म्हणेल, ‘या कायद्याखाली खटला भरायला केंद्र सरकारची परवानगी लागते, आमच्या हातात नाही.’ अर्धवट वाचलेलं आहे ते. कलम २७ च्या परंतुकात लिहिलंय, की जाणाऱ्याने स्वतः किंवा त्याच्या वतीने आई, वडील, पती, पत्नी, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण किंवा पालक यांनी तक्रार केली, तर ही परवानगी लागत नाही. म्हणजे तुम्ही, बहीण म्हणून, स्वतःच्या सहीने तक्रार देऊ शकता. कलमाची प्रत छापून सोबत न्या आणि तक्रारीच्या दुसऱ्या प्रतीवर ठाण्याचा शिक्का व तारीख घेतल्याशिवाय उठू नका.

आणि पुढे कधी भाऊ नीट कागदांवर गेलाच, तर ऑफर लेटर हिंदीतही मागून घ्या. अमिरातीचं कामगार मंत्रालय अरबी आणि इंग्रजीबरोबर कामगाराला कळेल अशी तिसरी भाषा देतं, त्यांत हिंदी आहे, मराठी नाही. सही करण्याआधी बेसिकची ओळ भावाने स्वतः मोठ्याने वाचून दाखवावी. दुबईत उतरल्यावर दुसऱ्याच कागदावर कमी पगाराची सही मागितली, तर सही न करता आधी प्रवासी भारतीय सहायता केंद्राला फोन करायचा : अमिरातीतून ८००४६३४२, फुकट. भारतातून तुम्हाला काही विचारायचं असेल तर १८००११३०९०. दोन्ही नंबर भावाच्या फोनमध्ये तर ठेवाच, पण फोन हरवतो किंवा काढून घेतला जातो, म्हणून एका कागदावर लिहून पाकिटातही ठेवा.